बसच्या दिव्याच्या वायरीनं मागं फक्त इशारा द्यायचा, करंट नाही

तुझी कहाणी दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत सांगतो. चौघा मित्रांनी जुनी स्कूल बस घेऊन तिचं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर केलं, मागं टो बार (गाडी ओढायचा लोखंडी दांडा) लावून एमएम ५४० जीप चारही चाकांवर ओढत नाशिकहून दापोलीला नेली. बस २४ व्होल्टची, जीप १२ ची, म्हणून गॅरेजवाल्यानं जीपच्या मागच्या दिव्यांत २४ चे बल्ब टाकले आणि बसच्या टेललाइटच्या वायरी जीपच्या वायरींना पिळा मारून जोडून दिल्या. संध्याकाळी पार्किंग लाइट लावले तर जीपच्या मीटरमधले दिवे भक्कन पेटून गेले, डावा इंडिकेटर दिला की जीपचे दोन्ही टेललाइट लुकलुकायला लागले, घोटीच्या पुढं खड्ड्यागणिक फ्यूज उडायला लागला, आणि दापोलीत जीप सुटी करून फिरवली तर मागचे लोक सांगायला लागले की तुमचा ब्रेकलाइटच लागत नाही. वर तू ऑनलाइन चार वायरींचं अमेरिकन किट मागवून बसलास आणि विचारतोस, काका, यात ब्रेकची वायर कुठली.

काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. नाशिकला द्वारकेजवळ ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय त्याला आता ३१ वर्षं झाली. ट्रॅक्टर ट्रॉल्या, द्राक्षाचे रिफर (थंड कंटेनर), जनरेटरचे ट्रेलर, सगळ्यांच्या शेपट्या जोडल्यात. मोटारहोम मोजून तीनच केलेत, पण वायरला काय माहीत ती कांदा ओढतेय का जीप.

वायरिंगच्या आधी एक गोष्ट सांगतोच. अमेरिकेत मोटारहोमच्या मागं चालू स्थितीतली गाडी चार चाकांवर ओढत नेतात, तिथं ते रोजचं आहे, व्हिडिओ सगळे तिथलेच असतात. आपल्याकडं रस्त्याच्या नियमात बंद पडलेली गाडी ओढता येते ती पण जवळच्या गॅरेजपर्यंत, नाहीतर रजिस्टर केलेला ट्रेलर ओढता येतो. धडधाकट जीप टो बारला लावून कोकणात नेणं त्यात बसत नाही. आणि कसारा घाटात मागून दीड टनाच्या आसपासची जीप ढकलतेय, तिचा स्वतःचा ब्रेक लागत नाही, हा विचार करून माझ्याच पोटात गोळा आला. तेव्हा जीप ट्रेलरवर चढव. ट्रेलरची आरसी वेगळी, नंबर वेगळा, आणि तुमची बस कागदोपत्री ट्रेलर ओढू शकते का ते पेठ रोडला आरटीओत जाऊन विचार, ऐकीव माहितीवर जाऊ नको. एवढं झालं की दिवे ट्रेलरला लागतील, जीपला नाही, पण जीपवर ज्या चुका झाल्या त्याच ट्रेलरवर होणार आहेत म्हणून त्या आधी समजून घे.

२४ च्या बल्बची आयडिया ऐकून मला हसू आलं, कारण अर्धी बरोबर आहे. बसमागं असताना ते बल्ब नीट पेटणारच. पण जीप सुटी केली की त्याच बल्बला १२ मिळणार, आणि अर्ध्या व्होल्टेजवर बल्ब अर्धा उजेड देत नाही, जेमतेम दहावा हिस्सा देतो, नुसती तार लाल होते. दिवसाउजेडी दापोलीच्या रस्त्यावर ते कोणाला दिसणार. ब्रेकलाइट लागत नव्हता असं नाही, लागत होता, दिसत नव्हता.

मीटरचे दिवे का गेले, तर जीपमध्ये टेललाइटची वायर एकटी नसते. पार्किंगचं बटण दाबलं की पुढचे पार्किंग, मागचे टेल, नंबरप्लेट आणि मीटरमधले दिवे सगळे एकाच लाइनवर पेटतात. तुम्ही मागून त्या लाइनमध्ये २४ सोडले, ते उलटे चालत पुढं मीटरपर्यंत गेले, तिथं बिचारे १२ चे बल्ब बसलेले. करंटला पुढं मागं कळत नाही, जिथं वाट मिळेल तिथं जातो. अमेरिकेत याच कारणासाठी प्रत्येक वायरीत डायोड टाकतात, म्हणजे ओढणाऱ्या गाडीचा करंट दिव्याकडं जाईल पण मागं जीपच्या वायरिंगमध्ये घुसणार नाही. काही जण तर डायोडच्या पण भानगडीत पडत नाहीत, टेललाइटच्या डब्यात भोक पाडून वेगळं होल्डर आणि वेगळा बल्बच बसवतात, जीपच्या वायरिंगला हातच लावायचा नाही. मला विचारशील तर ती पद्धत जास्त आवडते.

आता खरा मुद्दा, अर्थिंग, म्हणजे करंटला बॅटरीच्या मायनसकडं परत जायची वाट. माझ्याकडं मागच्या दिव्यांच्या तक्रारी घेऊन जेवढ्या ट्रॉल्या ट्रेलर येतात त्यातले बहुतेक अर्थिंगचेच राहतात. डावा इंडिकेटर दिला की दोन्ही टेललाइट लुकलुकतात, हे वाक्य ऐकलं की मी गाडी बघायच्या आधी सांगतो, अर्थ नाही. तुझ्या जीपचं बघ, बसकडून चार वायरी आल्या प्लसच्या, परतीची वायर कोणी टाकलीच नाही, गॅरेजवाल्यानं धरून चाललं की टो बार लोखंडाचा आहे, बॉडीला बॉडी मिळाली की झालं. आता टो बारच्या पिनला ग्रीस, बारला रंग, बुशिंगला गंज. गाडी उभी असताना एखादवेळी टच होतो, गॅरेजात सगळं छान पेटतं, पैसे देऊन तुम्ही निघता. रस्त्यावर बार हलायला लागला की टच गेला. मग डाव्या इंडिकेटरचा करंट बल्बातून जीपच्या बॉडीत येतो, परत जायला रस्ता नाही, तो बॉडीतून टेललाइटच्या बल्बच्या तारेत उलटा चढतो, टेलच्या वायरीनं बसकडं जातो आणि बसच्या टेललाइटमधून अर्थ पकडतो. म्हणून इंडिकेटर मंद आणि टेललाइट त्याच्या तालावर नाचतात. बल्ब खराब नाही, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) खराब नाही, लोक उगाच फ्लॅशर बदलत बसतात, दोन दोन बदलून मग माझ्याकडं येतात.

म्हणून परतीची वायर केबलमधूनच न्यायची, हिचच्या, म्हणजे दोन गाड्यांमधल्या लोखंडी जोडाच्या भरवशावर सोडायची नाही. आणि ती बाकीच्या वायरींपेक्षा जाड, कारण जाताना करंट वाटून जातो पण येताना सगळ्यांचा एकाच वायरीतून येतो. ट्रेलरवर पण प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी आणून एका ठिकाणी बांधायची, दिव्याचा नट ट्रेलरच्या रंगावर कसला म्हणजे अर्थ मिळाला असं नसतं. चासीला जिथं बांधशील तिथला रंग खरवडून, वायरीच्या टोकाला थिम्बल (धातूची कडी) मारून, स्टार वॉशर घालून आवळ आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन फास.

फ्यूजचं सोपं आहे. तुझ्या फोटोत केबल टो बारवरून सैल लोंबतेय आणि एका ठिकाणी बारच्या कडेला घासून तांबं दिसतंय. खड्डा आला की तांबं लोखंडाला टेकतं. केबल हिचच्या वरून एका कमानीत न्यायची, खाली रस्त्याला लागणार नाही आणि वळणावर ताणली जाणार नाही एवढीच ढील ठेवायची, ही ढील घरी मोजता येत नाही, तपोवनाकडं एखाद्या मोकळ्या मैदानात जाऊन पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवून बघ, एकानं खाली उतरून केबलकडं बघत राहायचं. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट घाल, सायलेन्सरची बाजू सोडून दे. आणि हो, फ्यूज उडाला म्हणून तुमच्यातल्या कोणीतरी १० च्या जागी ३० चा टाकला असं लिहिलंस ते परत करू नको बाबा. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. मी एकदा एका ट्रकच्या फ्यूजमध्ये सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलेली बघितली होती, चांदी शाबूत होती, वायरिंगचा लूम अख्खा जळाला होता. तुमच्या बसमध्ये तर वर प्लायवूड, गाद्या आणि गॅसची शेगडी आहे.

आता ते अमेरिकन किट. त्यात पांढरी अर्थ, तपकिरी टेल, पिवळी डावी, हिरवी उजवी, संपलं. ब्रेकची वायर तू शोधतोयस ती त्यात नाहीच. तिथं पुष्कळ गाड्यांना ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बवर असतात, ब्रेक दाबला की दोन्ही पेटतात, इंडिकेटर दिला की त्या बाजूचा लुकलुकतो, म्हणून पिवळी म्हणजे डावा इंडिकेटर अधिक डावा ब्रेक. आपल्याकडं इंडिकेटर पिवळा आणि वेगळा, ब्रेक लाल आणि वेगळा. म्हणजे आपल्याला कमीत कमी पाच वायरी लागतात, अर्थ, टेल, ब्रेक, डावा, उजवा. ते किट तुझ्या बसला जसंच्या तसं लावलं तर एकतर ब्रेक मिळेल नाहीतर इंडिकेटर. परत जात असेल तर परत पाठव.

त्याऐवजी सात पिनचा गोल सॉकेट घे. कारमागच्या ट्रेलरसाठी सात पिनचा जो युरोपियन क्रम आहे त्यात १ डावा इंडिकेटर, २ मागचा फॉग, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. हाच क्रम धर, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी उघडलं तरी त्याला कळेल. मात्र रंगावर विश्वास ठेवू नको. आपल्या बाजारात मल्टिकोअर केबलमध्ये जे रंग येतील ते येतात, आणि जुन्या स्कूल बसमध्ये तर आधीच्या तीन मेकॅनिकनी आपापले रंग घुसवलेले राहतात. प्रत्येक वायर टेस्ट लॅम्पनं शोध, कागदावर लिही, आणि तो कागद लॅमिनेट करून बसमध्येच ठेव.

मी सुरुवातीला म्हणालो ना इशारा द्यायचा, ते आता सांगतो, कामाचा गाभा हाच आहे. बसच्या टेललाइटच्या वायरीला ट्रेलरचा दिवा थेट जोडायचा नाही. बसच्या मागच्या बाजूला आत एका प्लास्टिकच्या डब्यात चार रिले बसव, टेल, ब्रेक, डावा, उजवा. रिले म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू बंद करणारा स्विच. बसची ब्रेकची वायर फक्त रिलेची कॉइल ओढते, कॉइलला लागतो साधारण ०.१ अँपिअर, बसला कळणार पण नाही की मागं काही जोडलंय. ट्रेलरच्या दिव्याला जाणारा करंट वेगळ्या जाड वायरीनं बॅटरीवरून येतो, बॅटरीजवळच फ्यूज. याचे फायदे बघ. ट्रेलरवर शॉर्ट झाला तर ट्रेलरचा फ्यूज जाईल, बसचे स्वतःचे टेललाइट चालू राहतील, घाटात रात्री ही गोष्ट छोटी नाही. बसच्या ब्रेकच्या स्विचवर लोड वाढत नाही. आणि फ्लॅशर बिघडत नाही, कारण फ्लॅशर ठराविक बल्बांसाठी बनवलेला असतो, त्यावर २१ वॅटचा आणखी एक टाकला की जुन्या पद्धतीचा फ्लॅशर घाईघाईनं मारतो, नव्या पद्धतीच्यात उलट होतं, एक बल्ब गेला तरी तो नेहमीसारखा मारत राहतो आणि तुला कळतच नाही. रिले घेताना कॉइलवर डायोड असलेला घे, कॉइल सोडताना जो उलटा झटका मारते तो त्यात जिरतो.

हे मी तुझ्या जुन्या बससाठी सांगतोय. कोणी नवीन बीएस सिक्स गाडीवर मोटारहोम केलं असेल तर साधा रिले लावायच्या आधी थांबा. नवीन गाड्यांत दिवे स्विचवरून नाही, कंट्रोल मॉड्यूलवरून चालतात, काही गाड्यांत टेललाइट पूर्ण व्होल्टेजवर पेटतच नाही, भराभर चालू बंद करून मंद ठेवलेला असतो, तिथं साधा रिले टकटक करत बसतो आणि डॅशवर एरर येतो. तिथं त्या गाडीसाठीचं तयार टोइंग मॉड्यूलच लागतं.

आता २४ आणि १२ चं भांडण. ट्रेलर फक्त याच बसमागं जाणार असेल तर विषयच नाही, ट्रेलरला २४ चे दिवे लाव, मोकळा हो. पण तू लिहिलंस की ट्रेलर कधीतरी बोलेरोच्या मागं पण लावायचाय. मग मल्टिव्होल्ट एलईडी दिवे घे, १० ते ३० व्होल्टपर्यंत चालणारे, बस लावली काय आणि बोलेरो लावली काय, दिव्याला फरक पडत नाही. माझा कौल याच्याच बाजूनं. कन्व्हर्टर लावून १२ करता येतं, ट्रकमध्ये गाण्याच्या टेपसाठी लावतात तसा, पण साधा बल्ब थंड असताना पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट ओढतो आणि छोटा कन्व्हर्टर तिथंच दम टाकतो. एक गोष्ट मात्र अजिबात करू नको, २४ साठी ज्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत त्यातल्या एकीवरून १२ काढायचे. सगळीकडं करतात, मला माहितीये. जिच्यावरून काढतोस ती रोज थोडी थोडी उपाशी राहते, दुसरी रोज जास्त खाते, आणि वर्षाच्या आत दोन्ही बदलायला लागतात.

वायरीची जाडी. लोक दुकानात जाऊन सांगतात दिव्याची वायर द्या, तो सगळ्यात बारीक देतो. हिशोब कर. १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागं साधारण ०.०१८ ओहम रेझिस्टन्स. बसच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या शेपटीपर्यंत १५ मीटर धर, जाऊन येऊन ३०, म्हणजे ०.५४ ओहम. १२ व्होल्टवर २१ वॅटचे दोन ब्रेकलाइट साडेतीन अँपिअर घेतात, गुणाकार केला तर जवळपास १.९ व्होल्ट वायरीतच मेले. आणि व्होल्टेज १० टक्के कमी झालं की बल्बचा उजेड साधारण ३० टक्के कमी होतो, इथं तर १५ टक्क्यांच्या वर गेलंय, म्हणजे उजेड निम्म्याच्या जवळ आला. म्हणून बॅटरीपासून डब्यापर्यंत ४ स्क्वेअर, दिव्यांना दीड स्क्वेअर, परतीला अडीच. २४ वर करंट निम्मा होतो आणि एलईडीला तर फारच कमी लागतो, तरी मी जाडी कमी करत नाही, बारीक वायर हलून हलून तुटते.

जोड पिळा मारून आणि पट्टी टेप गुंडाळून करायचा नाही, इगतपुरीचा एक पावसाळा बघितला की तो हिरवा पडतो. नीट क्रिम्प कर, म्हणजे धातूच्या नळीत घालून पक्कडीनं दाब, वरून हीट श्रिंक स्लीव्ह, आतून गोंद असलेली मिळते ती. सॉकेटचं झाकण खाली उघडेल आणि पाणी आपोआप गळेल असा बसव. आणि मोटारहोम महिनोन्महिने उभं राहतं, शेतात उभं करत असाल तर उंदरांचा बंदोबस्त कर, द्राक्षाच्या बागेतले उंदीर द्राक्ष सोडून वायर खातात, त्याचं कारण मला अजून कळलेलं नाही.

दिवे ट्रेलरच्या अगदी कडेला, म्हणजे मागच्याला गाडीची रुंदी कळली पाहिजे, आणि जीप चढवल्यावर, रॅम्प वर केल्यावर ते झाकले जाता कामा नयेत, हे लोक रिकाम्या ट्रेलरवर बघतात आणि फसतात. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी रिफ्लेक्टर पट्टी मार, यात कंजुषी नको. पहाटे लासलगावला किंवा पिंपळगावला निघालेल्या कांद्याच्या ट्रॉल्या तू बघितल्या असतील, एक दिवा नाही, फक्त एखादं पोतं लोंबतंय. थंडीत धुकं असलं की त्या अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत. मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला सांगून सांगून पट्टी चिकटवतो, काही जण म्हणतात बिलात धरू नका, नाही धरत.

झालं की टेस्ट कर, पण मल्टिमीटरनं नाही. दहा धाग्यांतले नऊ तुटले तरी मल्टिमीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना लावून हातात घे, एलईडी काढून त्या जागी लाव, पूर्ण पेटला तर वायर खरी. मग मल्टिमीटर काढ आणि तोच बल्ब पेटलेला असताना एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं ट्रेलरच्या दिव्याच्या अर्थला लाव, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ कच्चा आहे, परत उघड. आणि एक एक दिवा तपासून खूश होऊ नको. टेल चालू ठेव, त्यावर डावा इंडिकेटर दे, त्यावर ब्रेक दाब, मग उजवा. अर्थचा दोष एकट्या दिव्यात लपून बसतो, तिघं एकत्र आले की बाहेर येतो.

ट्रेलरच्या सेफ्टी चेन, ब्रेक हा वेगळा विषय, तो ट्रेलर बनवणाऱ्याशी बोल, मी वायरवाला.

राहिली जीप. तिच्यात जोडलेल्या सगळ्या वायरी काढ, जिथं इन्सुलेशन सोललंय तिथं स्लीव्ह घाल, मागं परत १२ चे बल्ब बसव. टेल आणि ब्रेकचा जो दोन तारांचा २१/५ चा बल्ब आहे त्याच्या बाजूच्या पिना वर खाली असतात, तो एकाच बाजूनं बसतो, जोर लावून उलटा बसवू नको, नाहीतर ब्रेकच्या जागी टेल आणि टेलच्या जागी ब्रेक पेटेल. मीटरचे बल्ब जीपचं सामान ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतील. आणि ते काढलेले २४ चे बल्ब फेकू नको, बसच्या टूलबॉक्समध्ये टाक, बसला तेच लागतात.